आई आणि मावशी दोघीच थायलंडला निघाल्यात, नेमकं कशाला जपायचं?

वागळे_नाका

नमस्कार मंडळी. माझी आई (६७) आणि मावशी (६१) दोघीच नोव्हेंबरात थायलंडला चालल्यात, आधी बँकॉक आणि मग क्राबी. टूर कंपनी वगैरे नाही, तिकिटं हॉटेलं सगळं घरी बसून केलंय. दोघी हिंडत्याफिरत्या आहेत. मावशीला डायबेटिस आहे, इन्शुलिन चालू आहे, आईला बीपीची गोळी. इंग्रजी दोघींना कामापुरतं येतं. त्यानंतर महिन्याभराने धाकटा भाऊ पॅरिस आणि रोमला एकटा जाणारे.

पण सोसायटीत कळल्यापासून रोज कोणीतरी येऊन घाबरवून जातंय. कोणी म्हणतं पासपोर्ट पळवतात, कोणी म्हणतं हॉटेलात बेशुद्ध करून किडनी काढतात, एका काकांनी तर तसा व्हिडिओच आईच्या फोनवर पाठवला. परवा आईने हळूच विचारलं, तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात गं. मला हे होऊ द्यायचं नाहीये. दोघींनी ही ट्रिप कधीपासून मनात धरलीये, आमची शिक्षणं, बाबांचं आजारपण यात ती मागे पडत गेली.

तर सांगा, परदेशात खरोखर काय काय घडतं, त्यातली कशाची तयारी इथे ठाण्यात बसून करता येते आणि काय नुसती अफवा म्हणून सोडून द्यायचं.

मिसळ_मध्यम_तिखट

तिकीट अजिबात रद्द करू नका! सकाळच्या गर्दीत ठाण्याहून फास्ट लोकल पकडलेल्या बाईला बँकॉकची स्कायट्रेन म्हणजे पाटावर बसून जेवण.

नेरूळची_सिस्टर

आधी किडनीचं संपवूया कारण मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय. हॉटेलात शुद्ध येते तर बाथटबमध्ये बर्फ आणि किडनी गायब, ही गोष्ट १९९० च्या दशकापासून जगभर फिरतेय, शहराचं नाव तेवढं बदलतं. किडनी काढायला सुसज्ज थिएटर लागतं, भूलतज्ज्ञ लागतो, आधी रक्तगट आणि टिश्यू जुळवावे लागतात, आणि काढल्यावर एखाद-दीड दिवसाच्या आत ती दुसऱ्या माणसात बसवावी लागते. पैशाच्या लोभाने अवयव विकायला लावणाऱ्या टोळ्या आहेत हे खरंय, पण त्या गरिबाला गाठून व्यवहार करतात, रस्त्यावरच्या पर्यटक बाईला उचलून नाही. हे काकूंना स्पष्ट सांगा आणि तो व्हिडिओ डिलीट करा.

आता खरं काय होतं ते. धडधाकट पर्यटक परदेशात दगावतो तो बहुतेक वेळा रस्त्यावर नाहीतर पाण्यात, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत हृदयाचं दुखणं. पण घरातून निघताना आपण चोराची भीती बाळगतो आणि या गोष्टींचा विचारच करत नाही. थायलंडमध्ये रस्ते अपघातातले मृत्यू खूप आहेत आणि त्यात बहुतांश दुचाकीवाले. म्हणून काकूंनी भाड्याच्या बाइकवर मागे बसून कुठे जायचं नाही, हा एक नियम पक्का करा. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडायची सवय तिथे चालून जाते. भावाला मात्र युरोपात जपावं लागेल, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे पाऊल टाकताना अंगावर येणारी पहिली गाडी डावीकडून येणार. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते. पॅरिसमध्ये तर सायकलींच्या लेन पण असतात आणि त्यांचा आवाज येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर क्राबीच्या बाजूला अंदमान समुद्र आहे, मे ते ऑक्टोबर तो खवळलेला असतो, नोव्हेंबरात निवळायला लागतो. तरी किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. आणि बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट अंगात, गाठ बांधून, मांडीवर ठेवून नाही. २०१८ च्या जुलैत फुकेतजवळ पर्यटकांची बोट वादळात उलटून ४७ माणसं गेली होती.

कळवा_खाडी

सिस्टर अगदी खरं बोललात. २०२२ च्या जुलैत ओमानमध्ये सलालाहजवळ मुघसैलच्या किनाऱ्यावर लाटेने माणसं ओढून नेली होती आठवतंय का, त्यात आपल्या सांगलीकडचं कुटुंब होतं. कठडा ओलांडून पुढे गेले होते. आम्ही त्या वेळी मस्कतला होतो, तिथल्या मराठी मंडळींना कितीतरी दिवस जेवण गेलं नाही. समुद्र बघायला जाताना कठड्याच्या अलीकडून जे दिसेल तेवढंच बघायचं, बस्स.

घोडबंदरकर

रस्ता आणि पाणी मान्य, पण चोरीला इतकं हलक्यात घेऊ नका. @वागळे_नाका तुमच्या भावासाठी लिहितो. पॅरिसमध्ये मेट्रोची लाइन १, शातलेचं मोठं स्टेशन, साक्रे कर चर्चच्या पायऱ्या, रोममध्ये टर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, या जागा खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. साक्रे करच्या पायऱ्यांवर पोरं येऊन मनगटाला रंगीत दोरा बांधायला लागतात आणि मग पैसे मागतात, हात खिशात ठेवून न थांबता पुढे चालायचं. मुली कागद घेऊन येतात, मूकबधिरांसाठी सही करा म्हणून, तुम्ही कागदात बघता आणि दुसरी तुमच्या बॅगेत बघते. कोणी वाकून जमिनीवरून सोन्याची अंगठी उचलतो आणि तुमची पडली का विचारतो, ती पितळेची असते. मेट्रोत दाराजवळच्या सीटवर फोन हातात धरून बसायचं नाही कारण दार बंद होता होता हिसकावतात आणि फलाटावर उतरून जातात.

उपाय तोच जो आपण दादर-ठाणे करताना करतो, सॅक पुढे. एवढ्याने निम्मं काम होतं. पाकिटात फक्त त्या दिवसापुरते पैसे आणि एकच कार्ड, दुसरं कार्ड आणि थोडे युरो हॉटेलात वेगळ्या बॅगेत.

आणि हो, साध्या कपड्यातला कोणी पोलिस म्हणून आला आणि पाकीट दाखवा, खोट्या नोटा तपासायच्यात म्हणाला तर पाकीट काढायचं नाही. म्हणायचं चला, चौकीत जाऊ, तिथे दाखवतो. खरा पोलिस तयार होतो, खोटा निघून जातो.

ऐरोलीचा_जावई

मी नोकरीनिमित्त बँकॉकला राहून आलोय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, टीडीएसी, म्हणजे थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून थायलंडला उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि तो फुकट आहे. शोधायला गेलात की वर सगळ्या जाहिराती येतात, सरकारी वाटतात आणि कार्डाने पैसे मागतात. ज्या साइटने पैसे मागितले ती बंद करा. थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच भरा, आणि तुम्हीच भरून द्या, काकूंवर सोडू नका.

दुसरी गोष्ट, ग्रँड पॅलेस. बाहेर एक नीटनेटका, अतिशय गोड बोलणारा माणूस भेटतो आणि सांगतो, आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, चला तुम्हाला टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो अगदी स्वस्तात. मग ती टुकटुक जाते रत्नांच्या दुकानात आणि शिंप्याकडे. तिथे निळे खडे गळ्यात मारतात, भारतात दुप्पट भावाने विकाल म्हणतात. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीट साडेतीनपर्यंत मिळतं, एखाद्या शाही समारंभाला बंद असेल तर ते फाटकावर लिहिलेलं असतं. त्यामुळे रस्त्यावर कोणी काही सांगो, थेट फाटकापर्यंत चालत जायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, आपल्या पंजाबी ड्रेसला काही अडचण नाही.

टॅक्सी शक्यतो ग्रॅब नाहीतर बोल्ट ॲपवरून, भाडं आधीच दिसतं. रस्त्यावरची घेतली तर मीटर टाकायला सांगायचं, नाही म्हणाला तर पुढची.

जेट स्की कोणी भाड्याने घेऊ नये. परत आणल्यावर आधीचाच ओरखडा दाखवून हजारो बात (तिथलं चलन) मागतात आणि चार जण गोळा होतात. पासपोर्ट तर कुठल्याच भाड्याच्या वस्तूसाठी गहाण ठेवायचा नाही, स्कूटर असो की काही असो.

ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, दोघींचा संबंध नाही पण धागा वाचणारी तरुण मंडळी असतील म्हणून सांगतो, सिंगापूरलाही तेच. आणि राजघराण्याबद्दल गमतीनेही वेडंवाकडं बोलायचं नाही, तिथे त्याला तुरुंग आहे.

टूरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात, मदत करतात. अँब्युलन्स १६६९. हे दोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दोघींच्या पर्समध्ये, फोनमध्ये असले तरी कागदावर पण. आणि हॉटेलचं कार्ड, ज्याच्यावर थाई लिपीत पत्ता आहे, ते दोघींकडे वेगवेगळं. चुकामूक झाली तरी टॅक्सीवाल्याला दाखवून परत येता येतं.

पामबीच_वॉकर

@ऐरोलीचा_जावई हे सेव्ह केलं. आम्ही डिसेंबरात जातोय.

चरईची_सून

एक नाजूक विषय काढते. मंगळसूत्र. काकूंना घालू द्यायचं की घरी ठेवायचं? मी सासूबाईंना खोटं घालून जा म्हणाले तर त्यांना लागलं.

घोडबंदरकर

सोनं घरीच. पट्टायासारख्या ठिकाणी भारतीय पर्यटकांच्या चेनी खेचल्याच्या बातम्या येतात. इंग्लंडमध्ये तर आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं म्हणून मुद्दाम पाळत ठेवतात, तिथले पोलिस दिवाळीच्या सुमारास तशी सूचना काढतात.

सीवूड्स_आजी

मला नाही पटत. मी सत्तरीची आहे, मंगळसूत्र गळ्यात घालूनच जपानला जाऊन आले, वर सुती ओढणी घेतली की काही दिसत नाही. लांब घसघशीत असेल तर घरी ठेवावं, छोटं असेल तर तिला विचारावं. तिच्या गळ्यातली वस्तू आहे, निर्णय तिचा. मुलांनी आईची काळजी करावी पण तिच्यासाठी सगळंच ठरवून टाकू नये.

चरईची_सून

आजी, हे सासूबाईंना वाचून दाखवते. छोटं काळ्या मण्यांचं आहे त्यांच्याकडे.

खारघर_टेकडी

सगळे पासपोर्ट पासपोर्ट करताय पण आजकाल खरा जीव फोनमध्ये आहे. तिकीट, हॉटेल, नकाशा, बँक, ओटीपी सगळं एकाच वस्तूत आणि ती वस्तू दिवसभर हातात. मित्राचा फोन बार्सिलोनात ला रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर चोरीला गेला, कार्ड खिशात होतं, पैसे खात्यात होते पण ऑनलाइन काहीच करता येईना कारण ओटीपी येणार त्याच चोरलेल्या फोनवर.

म्हणून दोघींपैकी एकीच्या जुन्या फोनमध्ये आपलं भारतातलं सिम घालून ठेवा, रोमिंग चालू करून, आणि तो फोन हॉटेलच्या लॉकरमध्ये. बाहेर फिरताना दुसरा फोन, तिकडचं सिम नाहीतर ई-सिम. परदेशात एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून घ्या.

कार्डांचं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावर परदेशातला वापर मुळात बंदच असतो, तो ॲपमधून चालू करावा लागतो. निघायच्या आधी घरून चालू करा आणि लिमिट कमी ठेवा. दुकानात मशीन विचारतं की रुपयात पैसे घेऊ का बातमध्ये, नेहमी बात निवडायचं, रुपये निवडलेत की त्यांचा रेट लागतो आणि तो महाग पडतो. कार्डाचा गैरव्यवहार दिसला की तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवायचं, चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याची असेल तर नुकसान ग्राहकावर येत नाही, २०१७ पासून तसा नियम आहे. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर पण त्याच कागदावर लिहा, टोल फ्री नंबर बाहेरून बऱ्याचदा लागत नाहीत.

मिसळ_मध्यम_तिखट

आता त्या कागदाचं रजिस्टर होणार.

वाशी_सेक्टर_सतरा

थोडं विषयांतर पण महत्त्वाचं. या दिवाळीत कोणी दुबईला मुलांकडे फराळ नेणार असेल तर अनारसे नेऊ नका. खसखस! युएईत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे, सामानात सापडली तर अटक होऊ शकते. करंजीच्या सारणातही आपण खसखस घालतो आणि कित्येकांच्या गोड्या मसाल्यात पण असते. माझी वहिनी दरवर्षी मुलीसाठी सारण वेगळं करते, नुसतं खोबरं, रवा, वेलची. चकली चिवडा शंकरपाळ्यांना काही हरकत नाही.

औषधांचंही तसंच. ट्रामाडोल असलेली दुखण्याची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, इथे डॉक्टर लिहून देतात पण युएईत त्याला आधी ऑनलाइन परवानगी लागते. जपानमध्ये सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर बंदी आहे. त्यामुळे पिशवी भरण्याआधी त्या देशाच्या आरोग्य खात्याची यादी बघायचीच.

तलावपाळी_संध्याकाळ

बाप रे, अनारशाचं माहीतच नव्हतं. आमच्या सूनबाई शारजाला आहेत. आजच सांगते.

कळवा_खाडी

सामानाचा विषय निघालाच आहे तर हे पण. दुसऱ्याची पिशवी नेऊ नका. कोणाचीही. मुंबईतलं एक जोडपं २०१९ मध्ये कतारला गेलं, नातेवाईक बाईनेच ट्रिप भेट दिली होती आणि एक पाकीट सोबत दिलं. दोहा विमानतळावर त्यात चरस निघालं. १० वर्षांची शिक्षा झाली, बाई गरोदर होती, मुलगी तुरुंगात जन्माला आली. इथे एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, तपास करून ते निर्दोष आहेत हे दाखवलं तेव्हा २०२१ च्या एप्रिलमध्ये सुटून आले. आणि २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला शारजाला पकडलं, ऑडिशनच्या नावाखाली हातात दिलेल्या ट्रॉफीत गांजा भरला होता. ते कारस्थान होतं, सुटली ती, पण तुरुंगात दिवस काढावेच लागले.

लोकांना नाही म्हणायला आपल्याला जड जातं, "एवढं माझ्या मुलाला दे गं" म्हणून शेजारीण बांधलेला डबा आणते. डबा उघडून एकेक गोष्ट समोर बघून स्वतः भरली तरच न्यायची, नाहीतर कुरियर आहे. सिंगापूरला १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनला फाशी आहे, तिथे मला माहीत नव्हतं हे सांगून सुटका होत नाही.

येऊरचा_पाऊस

वर कोणीतरी अफवा आणि खरं वेगळं करा म्हणालं होतं. एक खरी भीती सांगतो, ती काकूंना नाही तर घरातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलांना आहे. कोपरखैरण्यातल्या एका ओळखीच्या मुलाला टेलिग्रामवर थायलंडची ऑफर आली होती, डिजिटल मार्केटिंग, पगार भरमसाट, मुलाखत फोनवर दहा मिनिटं, तिकीट कंपनी पाठवणार आणि व्हिसा टूरिस्टचा. आईबाप पेढे वाटायच्या तयारीत. मामाने अडवलं.

अशा मुलांना बँकॉकहून गाडीने सीमेवरच्या माय सॉटला नेतात आणि मोई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीत. तिथे कंपाउंडमध्ये कोंडून ऑनलाइन फसवणूक करायला लावतात, नाही म्हटलं तर मारहाण. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून यावर सूचना काढल्यात आणि मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून ५०० च्या वर भारतीय परत आणले. नोकरीसाठी कोणी टूरिस्ट व्हिसावर चल म्हणाला की तिथेच थांबायचं. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघायचं, आणि नोंदणी असलेला एजंटसुद्धा ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर फी घेऊ शकत नाही. वाशी-बेलापूरला गल्लीगल्लीत ऑफिसं आहेत, पाटी चकचकीत आहे म्हणून लाख दोन लाख मोजू नका.

वागळे_नाका

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. आई शेजारी बसून वाचतेय. किडनीवाला व्हिडिओ तिने स्वतः डिलीट केला. दोन शंका आहेत, एक म्हणजे पासपोर्ट खरंच हरवला तर पुढे काय करायचं, नेमक्या क्रमाने? दुसरं, इन्शुरन्स कुठल्या मुद्द्यावर घ्यायचा?

पाचपाखाडीचे_काका

मी निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं, लोकांची प्रवासाची कागदपत्रं. पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार आणि तिची प्रत. मग भारतीय दूतावास, बँकॉकमध्ये तो सुखुमवितच्या सोई २३ मध्ये आहे. तिथे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढे दुसऱ्या देशात जाता येत नाही. त्यासाठी फोटो, पासपोर्टची झेरॉक्स आणि पोलिस तक्रार लागते. मग तिथल्या इमिग्रेशनमध्ये जाऊन देशात आल्याची नोंद दाखवून बाहेर पडायची परवानगी. हे सगळं धरून दोन-चार दिवस हाताशी ठेवावे लागतात, त्यामुळे त्याच रात्रीचं विमान पकडायची धडपड करू नये.

म्हणून घरून काय न्यायचं, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या आणि व्हिसाच्या रंगीत झेरॉक्स, मावशीची प्रत आईकडे आणि आईची मावशीकडे, पासपोर्ट साइज फोटो, आणि एक संच ठाण्यात तुमच्याकडे. दूतावासाकडून काम अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, तिथे तुम्ही घरून तक्रार नोंदवू शकता.

देव न करो पण कोणाला परदेशात अटक झाली तर "माझ्या दूतावासाला कळवा" हे पहिलं वाक्य. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क आहे. समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही.

नेरूळची_सिस्टर

इन्शुरन्सबद्दल, फॉर्ममध्ये डायबेटिस आणि बीपी लिहायचंच. लोक हप्ता वाढेल म्हणून लपवतात आणि मग क्लेमच्या वेळी तेच काढलं जातं. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीच्या आजाराचा खर्च फक्त जीवघेण्या इमर्जन्सीत मिळतो, तो मुद्दा घेताना विचारून लेखी घ्या. हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर त्यांच्या मदतीच्या नंबरला फोन, मग कॅशलेसचं बघितलं जातं. भावाला शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्स, इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, ते असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. आणि तो तिकडे स्कूटर भाड्याने घेणार असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला सांगा, पण मूळ लायसन्स फक्त चारचाकीचं असेल तर दुचाकी चालवताना पडल्यावर इन्शुरन्सवाले पैसे देणार नाहीत. युरोपात कुठेही असो, ११२ लावायचा.

सीवूड्स_आजी

@वागळे_नाका, एक विनंती. दोघी गेल्यावर दर तासाला फोन करू नका. मी आणि माझी मैत्रीण क्योटोला रस्ता चुकलो होतो, कोपऱ्यावरच्या पोलिस चौकीत गेलो, कोबान म्हणतात त्याला, त्या मुलाने नकाशा काढून दिला आणि चौकापर्यंत सोडायला आला. त्याच वेळी मुलाचे फोनवर फोन, आई कुठे आहेस, आई लोकेशन पाठव. मी घाबरले नव्हते, त्याच्या फोनने घाबरायला लागले. दिवसातून एक वेळ ठरवा, रात्री खोलीत पोचल्यावर. त्या वेळेला फोन नाही आला तर मग हालचाल करायची, आणि कोणाला करायची ते आधी ठरवून ठेवायचं.

खारघर_टेकडी

आजींशी थोडा असहमत. लाइव्ह लोकेशन चालू असू द्या, फोन करू नका. दोघांचंही समाधान.

सीवूड्स_आजी

बॅटरी संपते ना बाळा, दुपारपर्यंत फोन मेला की मग संध्याकाळी टॅक्सी कशी बोलवायची?

खारघर_टेकडी

पॉवर बँक, आजी. हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे.

चरईची_सून

एकट्या फिरणाऱ्या मुलींसाठी पण लिहा ना कोणीतरी. मी ऑफिसच्या कामाला एकटी जाते. माझे नियम असे की विमान शक्यतो उजेडात उतरेल असं घ्यायचं, रिसेप्शनवाल्याने रूम नंबर मोठ्याने म्हटला तर रूम बदलून मागायची, आणि कोणी एकट्याच आलात का विचारलं तर नवरा खाली येतोय. दिलेलं पेय नजरेआड झालं की परत घ्यायचं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात लाओसमध्ये वांग विएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा पर्यटक गेले, बहुतेक तरुण पोरं होती. फुकटचे शॉट्स वाटत असतील तर नकोच.

ऐरोलीचा_जावई

अगदी. तिथली सीलबंद बिअर घ्या, सुटी दारू नको.

मूळ प्रश्नाकडे येतो कारण काकू वाचतायत. काकू, बँकॉकमध्ये तुम्हाला जे लोक भेटतील त्यातले बहुतेक चांगलेच असतील. फसवणारा एकाच गोष्टीवर जगतो, घाई. आत्ताच चला, आजच बंद होणार, फक्त तुमच्यासाठी हा भाव, पोलिस येतोय लवकर पैसे द्या. कोणी घाई लावली की दोघींनी एकमेकींकडे बघायचं आणि म्हणायचं, आम्ही जरा बसून विचार करतो. जवळच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये जाऊन बसा, एसी आहे, पाणी आहे. तुम्ही बँकेच्या काउंटरवर असता तर असल्या माणसाला तसंच थांबवलं असतंत.

वागळे_नाका

तुम्हाला कसं कळलं आई बँकेत होती? ती खरंच ३० वर्षं कॅशला होती! म्हणतेय या मुलाला सांग, खोट्या नोटा मी हाताने ओळखते.

शेवटचं विचारते, मावशीचं इन्शुलिन. विमानात आणि तिकडच्या उन्हात कसं सांभाळायचं? तिची तीच एक धास्ती राहिलीये.

नेरूळची_सिस्टर

सगळं इन्शुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं आणि बॅग दुसरीकडे गेली तर संपलंच. लागतं त्याच्या दुप्पट घ्या, निम्मं आईच्या पर्समध्ये निम्मं मावशीच्या. डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, कंपनीचं नाव आणि औषधाचं मूळ नाव दोन्ही लिहिलेलं, सुया आणि पेन आहेत हेही त्यात लिहून घ्या, म्हणजे तपासणीत प्रश्न येत नाही. चालू पेन साधारण चार आठवडे ३० अंशांच्या खाली चालतं, पण क्राबीच्या उन्हात किनाऱ्यावरच्या पिशवीत नको. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात त्यात ठेवा. बर्फाला थेट लावायचं नाही. न उघडलेलं खोलीच्या फ्रिजमध्ये, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब.

वेळेचा फरक दीड तासाचा आहे, त्याने फार काही बिघडत नाही, पण डॉक्टरांना एकदा विचारा. खरी काळजी साखर खाली जाण्याची. राजवाड्यात उन्हात चालणं खूप होतं आणि जेवायला उशीर होतो. ग्लुकोमीटर पर्समध्ये, हॉटेलात नाही. घाम, थरथर, चक्कर काहीही वाटलं तरी तिथेच खाली बसायचं आणि आईला सांगायचं. आईला सुद्धा ही लक्षणं पाठ पाहिजेत.

वागळे_नाका

मावशी विचारतेय ग्लुकोज पावडर नेऊ की पार्ले-जी पुरेल.

नेरूळची_सिस्टर

दोन्ही. आधी पावडर, तीन चहाचे चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी साखर परत मोजायची. अजून खाली असेल तर परत पावडर. वर आली की मग बिस्किटं आणि लगेच जेवण.